चाचणीची पट्टी आणि माणसाची अब्रू

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे 26 ऑगस्ट 1982 पर्यंत एकच होते. विभाजन झाले, पण व्यापाराचा धागा तुटला नाही. भाताच्या गिरण्या, तेंदूपत्ता, बांबू, किराणा, कापड, औषधे, कोळसा आणि अलीकडे सुरजागडचे लोहखनिज यांच्या निमित्ताने या जंगलमुलखातील रस्ते रात्रंदिवस वाहत असतात. पेढी वरोऱ्यात किंवा देसाईगंजात असली, तरी तिचा माल अहेरी-सिरोंच्याच्या वाटेवर कुणा चालकाच्या हाती असतो, तिची रोकड मुनीमजींच्या हाती असते आणि घरातील मुलांची शाळेची ने-आणही पुष्कळदा परक्या माणसावर सोपविलेली असते. अशा वेळी मालकाच्या मनात एक शंका डोकावते. हा माणूस नशा तर करीत नसेल?

दारूबंदीचा विषय या दोन जिल्ह्यांना नवा नाही. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. दारूची शंका आली तर निदान वास येतो, पाय अडखळतात. गोळीला वास नसतो आणि खोकल्याच्या औषधाची बाटली खिशात सापडली तर ती औषधाचीच असते. म्हणूनच लघवीच्या चाचणीकडे लोकांचे लक्ष गेले आहे. औषधांच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळणारी एक पट्टी पाच मिनिटांत उत्तर देते. मालक चालकाची चाचणी मागतो, बाप मुलाची मागतो, सोयरीक ठरविताना एखादे घर वराच्या ‘मेडिकल’मध्ये हीही चाचणी घालण्याचा आग्रह धरते. चाचणी उपयुक्त आहे यात वाद नाही. ती काय सांगते आणि काय सांगत नाही हे न जाणता तिच्यावर निकाल देणे मात्र घातक आहे, कारण त्या निकालावर एखाद्याची भाकरी आणि अब्रू अवलंबून असते.

अफूविषयी जैन आचारात संदिग्धता नाही. बावीस अभक्ष्यांत ‘विष’ हा एक प्रकार सांगितला आहे आणि त्यात अफूची गणना होते. सात व्यसनांतील मद्याच्या त्यागामागेही विवेकाचा नाश करणारी कोणतीही गोष्ट नको, हाच आशय आहे. पण आजची अफू ही केवळ काळी गोळी राहिलेली नाही. अफूपासून मिळणारे मॉर्फीन आणि कोडीन, मॉर्फीनपासून केलेले हेरॉइन, त्याचे अशुद्ध रूप असलेली ब्राउन शुगर म्हणजेच गर्द, आणि कारखान्यात तयार होणारी ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, फेंटानिल यांसारखी वेदनाशामके, या सर्व कुटुंबाला वैद्यकशास्त्र ओपिऑइड म्हणते. 1980 च्या दशकात मुंबई-पुण्याच्या अनेक घरांत गर्द शिरले. त्या काळात डॉ. अनिल अवचट यांनी या विषयावर लेखन केले आणि त्यातूनच 1986 मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. डॉ. अनिता अवचट यांनी त्या केंद्राची धुरा वाहिली. प्रश्न आजही ओसरलेला नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे 2.26 कोटी लोक वर्षभरात केव्हातरी अफूवर्गीय द्रव्यांचे सेवन करतात, आणि त्यांपैकी सुमारे 77 लाख लोकांचे सेवन उपचार आवश्यक ठरावेत इतके वाढलेले आहे. तेव्हा शंका घेणारा प्रत्येक पालक किंवा मालक संशयी स्वभावाचाच असतो असे नाही.

आता पट्टीचे काम पाहावे. पट्टीवर प्रतिपिंडे, म्हणजे विशिष्ट आकाराचे रेणू ओळखून त्यांना चिकटणारी प्रथिने असतात. लघवीत मॉर्फीनसारखे द्रव्य ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक असेल, तर ती प्रतिपिंडे त्याला चिकटून बसतात आणि चाचणीची रेघ उमटत नाही. येथेच पहिला घोटाळा होतो. गर्भधारणेच्या पट्टीवर दोन रेघा म्हणजे ‘होय’ हे घरोघरी ठाऊक आहे. नशेच्या पट्टीवर नियम उलटा आहे. दोन रेघा म्हणजे द्रव्य आढळले नाही. फक्त नियंत्रणाची एकच रेघ म्हणजे द्रव्य असण्याचा संशय. दुसरी रेघ फिकट असली तरी ती रेघच मानावयाची. नियंत्रणाची रेघच नसेल तर पट्टी बाद. हे न जाणता निर्दोष माणसाच्या दोन ठसठशीत रेघांकडे पाहून त्याला दोषी ठरविणे सहज शक्य आहे.

दुसरा घोटाळा मर्यादेचा. हे माप नॅनोग्रॅममध्ये असते. एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. काही पट्ट्या दर मिलिलिटरला 300 नॅनोग्रॅमवर बोट दाखवितात, काही 2000 वर. एकाच माणसाची एकाच सकाळची लघवी एका पट्टीवर दोषी आणि दुसरीवर निर्दोष ठरू शकते. या फरकामागे एक बोधप्रद इतिहास आहे. अमेरिकेतील सरकारी कर्मचाऱ्यांच्या चाचण्यांसाठी ही मर्यादा पूर्वी 300 होती. तेथे असे दिसून आले की, या मर्यादेवर पकडले जाणारे पुष्कळ लोक हेरॉइन घेणारे नसून खसखस खाल्लेले किंवा डॉक्टरांनी दिलेले कोडीनयुक्त औषध घेतलेले होते. म्हणून डिसेंबर 1998 पासून मर्यादा 2000 करण्यात आली. तरीही प्रश्न पूर्ण सुटला नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये अमेरिकेच्या संरक्षण विभागाने आपल्या सैनिकांना खसखस टाळण्याचा सल्ला दिला.

खसखस ही अफूच्याच झाडाची बी. बीमध्ये स्वतःची अफू नसते, पण बोंडातील चिकाचा अंश तिला लागून येतो. कोणत्या मालाला किती, ते पीक, कापणी आणि धुणे यांवर ठरते. भारतीय कायदा बीला अमली पदार्थ मानत नाही आणि ती किराणा दुकानात उघड विकली जाते. सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरातीत मात्र तीच खसखस निषिद्ध आहे. परदेशी जाणाऱ्या मुलाबरोबर मसाल्याची पुडी बांधून देणाऱ्या घरांनी हे ध्यानात ठेवावे. बहुबीज म्हणून खसखस वर्ज्य मानणाऱ्या कुटुंबांत हा प्रश्न येत नसेल. पण त्यांचा चालक, हमाल, कारकून कोणत्या घरातून येतो? वैदर्भीय पाटवडीच्या रश्श्याचे वाटण खसखस-खोबऱ्याशिवाय होत नाही आणि दिवाळीचे अनारसे खसखशीवरच थापले जातात. आदल्या रात्री तसे भरपेट जेवलेल्या माणसाच्या सकाळच्या लघवीत मॉर्फीनचा अंश सापडू शकतो.

औषधांची गोष्ट याहून गंभीर आहे. क्षयरोगाच्या उपचारातील रिफॅम्पिसिन आणि ऑफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन या वर्गातील प्रतिजैविके यांचा अफूशी काडीचाही संबंध नाही. तरीही ती काही पट्ट्यांवर खोटा संशय उत्पन्न करतात, कारण प्रतिपिंडांना रेणूचा आकार दिसतो, त्याचे नाव दिसत नाही. कोडीन असलेले खोकल्याचे औषध घेतले तर त्याचा काही भाग शरीरातच मॉर्फीन होतो. कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फीन मिळावे म्हणून तर अमली पदार्थविषयक कायद्यात 2014 मध्ये दुरुस्ती करावी लागली. आणि या दोन जिल्ह्यांना लागू पडणारा एक विशेष विचार आहे. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. या आजारात रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, सांध्यांत असह्य कळा येतात. अशा वेळी रुग्णालयात अफूवर्गीय वेदनाशामक देणे हा रीतसर उपचार आहे. गिरणीतील एखादा तरुण कामगार तीन दिवस रुग्णालयात राहून कामावर परततो आणि त्याच आठवड्यात त्याच्यापुढे चाचणीचा कप ठेवला जातो, असे घडले तर? पट्टी खरे बोलेल, आणि तरीही तिच्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा असेल.

याची दुसरी बाजूही आहे. पट्टी जसा नसलेला दोष दाखविते, तसा असलेला लपविते. सामान्य ‘मॉर्फीन’ पट्टी ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल आणि फेंटानिल पकडत नाही. ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन यांनाही स्वतंत्र पट्टी लागते. ट्रामाडॉलचा गैरवापर इतका वाढला की, एप्रिल 2018 मध्ये ते अमली पदार्थविषयक कायद्याखाली आणावे लागले. म्हणजे मुलगा रोज ट्रामाडॉलच्या गोळ्या घेत असेल आणि आईने आणलेल्या पट्टीवर दोन स्वच्छ रेघा उमटल्या, तर घरात सुटकेचा निःश्वास सोडला जाईल आणि आजार आत वाढत राहील. शिवाय काळाचा हिशेब आहे. मॉर्फीन लघवीत साधारणपणे दोन-तीन दिवस सापडते. त्यानंतरची चाचणी स्वच्छच येणार.

म्हणून पट्टीला शास्त्रात ‘प्राथमिक चाचणी’ म्हणतात. व्यापाऱ्याच्या भाषेत ती कच्ची वही होय. कच्च्या वहीवरून कोणी वसुलीचा दावा लावीत नाही. पक्की नोंद म्हणजे प्रयोगशाळेतील निश्चिती चाचणी. तीत जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस या नावाची यंत्रे वापरतात. यंत्राचा पहिला भाग लघवीतील द्रव्ये एकमेकांपासून वेगळी करतो. प्रत्येक द्रव्य आपल्या ठरलेल्या वेळी बाहेर पडते. दुसरा भाग त्या रेणूवर विद्युतभार चढवून त्याचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याचे वजन नोंदवितो. तुकड्यांचा हा साचा बोटांच्या ठशांप्रमाणे त्या-त्या द्रव्याचा असतो. मॉर्फीन, कोडीन, ट्रामाडॉल, रिफॅम्पिसिन यांची येथे सरमिसळ होत नाही आणि प्रत्येकाचे प्रमाणही आकड्यात मिळते.

हेरॉइनसाठी आणखी एक खूण आहे. शरीरात गेल्यावर हेरॉइनपासून प्रथम सिक्स-मोनोॲसिटिलमॉर्फीन, संक्षेपाने सिक्स-मॅम, तयार होते आणि मग मॉर्फीन. खसखशीतून किंवा कोडीनमधून सिक्स-मॅम निर्माण होत नाही. ते सापडले तर हेरॉइनचे सेवन झाले, असे म्हणता येते. पण ते काही तासांतच नाहीसे होते. म्हणून ते न सापडणे हा निर्दोषत्वाचा दाखलाही नव्हे.

अशी यंत्रे तालुक्याच्या पॅथॉलॉजीत नसतात. गावातील केंद्र नमुना घेते आणि तो मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत जातो. सिरोंचा ते गडचिरोली हेच अंतर सुमारे 200 किलोमीटर; तेथून नागपूर आणखी पुढे. या प्रवासात नमुना कोणाकोणाच्या हातून गेला याची अखंड नोंद हवी. नमुना देणाऱ्यासमोर बाटली मोहोरबंद व्हावी, त्याची सही घ्यावी, शक्य तर एका नमुन्याचे दोन भाग करून दुसरा राखून ठेवावा, म्हणजे वाद झाल्यास तो पुन्हा तपासता येतो. नमुना थंड ठेवावा. लघवी घेताच चार मिनिटांच्या आत तिचे तापमान 32 ते 38 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे. त्यापेक्षा थंड नमुना बाहेरून आणलेला असू शकतो. पाणी मिसळले असेल किंवा मुद्दाम भरपूर पाणी प्यालेले असेल तर क्रिएटिनिन कमी भरते. ते दर डेसिलिटरला 20 मिलिग्रॅमच्या खाली गेले की प्रयोगशाळा नमुना पातळ असल्याची शंका घेते. धनादेशावर सही, तारीख आणि रक्कम जुळल्याशिवाय तो वटत नाही. हा नमुनाही तसाच तपासून घ्यावा लागतो. एनएबीएलची मान्यता असलेली आणि निश्चिती चाचणीची पद्धत अहवालात लिहिणारी प्रयोगशाळाच निवडावी. ज्या अहवालात केवळ ‘पॉझिटिव्ह’ एवढाच शब्द आहे, पद्धत नाही आणि आकडाही नाही, तो पक्का अहवाल नव्हे.

पक्का अहवाल हाती आल्यावरही त्याच्या मर्यादा ओळखाव्या लागतात. अमुक द्रव्य लघवीत होते, एवढेच तो सांगतो. ते का घेतले, किती घेतले, कोणत्या दिवशी घेतले, घेणारा व्यसनाधीन आहे की रुग्ण, गाडी चालविताना तो गुंगीत होता की नव्हता, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नसते. ते उत्तर डॉक्टर देतात, औषधाच्या चिठ्ठ्या पाहून, माणसाशी बोलून, त्याला तपासून. वस्तूच्या एका अंगावरून संपूर्ण वस्तूचा निर्णय करू नये, ही अनेकांताची शिकवण प्रवचनात ऐकताना सोपी वाटते. तिची खरी कसोटी असा कागद हातात असताना लागते.

व्यसनमुक्तीच्या उपचारात तर ह्या चाचणीचा अर्थच पालटतो. ब्युप्रेनॉर्फिनवर असलेल्या रुग्णाच्या लघवीत ब्युप्रेनॉर्फिन सापडणे ही चांगली वार्ता आहे. तो औषध नेमाने घेतो आहे, विकत नाही, हे त्यावरून कळते. तेथे चाचणी म्हणजे मधुमेह्याच्या साखरेची तपासणी. साखर वाढली म्हणून कोणी रुग्णाला घराबाहेर काढीत नाही. औषध आणि पथ्य यांचा फेरविचार करतात. कायद्यानेही हा विवेक ठेवला आहे. अमली पदार्थविषयक 1985 च्या कायद्यात सेवनासाठी शिक्षा आहे. पण स्वतःहून मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेऊ इच्छिणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीला सेवनाच्या व अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देणारे कलम 64-अ हेही त्याच कायद्यात आहे. उपचाराचा मार्ग विचारण्यासाठी 14446 ही केंद्र सरकारची विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे. अशा रुग्णाने गोळ्या एकाएकी बंद केल्यास होणारा त्रास मोठा असतो. म्हणून ‘खोलीत कोंडून चार दिवसांत सुधारू’ हा घरगुती उपाय करू नये.

औषधांच्या दुकानदारांचे उत्तरदायित्व येथे वेगळे नमूद केले पाहिजे, कारण समाजातील अनेक घरांचा तोच व्यवसाय आहे. कोडीन, ट्रामाडॉल, ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे 1 मार्च 2014 पासून लागू झालेल्या एच-वन परिशिष्टात आहेत. चिठ्ठी लिहिणाऱ्याचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण यांची स्वतंत्र नोंदवही ठेवणे आणि ती तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. पुष्कळांना ही वही म्हणजे निरीक्षकासाठीचा उपचार वाटतो. वस्तुतः चिठ्ठीवाचून दिलेली एक पट्टी गोळ्या म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी घरातील पुढची चाचणी होय. आणि हीच वही एखाद्या निर्दोष कामगाराने ते औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतले होते, याचा पुरावाही ठरू शकते.

श्रावकाच्या सत्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘सहसाभ्याख्यान’ सांगितले आहे. पुरता विचार न करता, एकाएकी कुणावर दोष ठेवणे, असा त्याचा अर्थ. अठरा पापस्थानांतील तेरावे स्थान ‘अभ्याख्यान’ हेच आहे. पर्युषणात या अठरांची आलोचना होते, तेव्हा तेराव्यापाशी क्षणभर थांबावे. पाच मिनिटांच्या पट्टीवरून चालकाला कामावरून काढणे, मुनीमजींविषयी बाजारात कुजबुज करणे, मुलाची लघवी त्याच्या नकळत तपासून त्याच्यावर आरोप करणे, सोयरीक मोडून कारण चार घरांत सांगणे, ही सारी अभ्याख्यानाची आजची रूपे आहेत. त्याच व्रताच्या अतिचारांत दुसऱ्याचे गुपित फोडण्याचाही निषेध आहे. वैद्यकीय अहवाल हे तसेच गुपित होय.

म्हणून चाचणी घ्यावयाची असल्यास क्रम असा असावा. प्रथम त्या व्यक्तीशी एकांतात बोलावे आणि तिची संमती घ्यावी. गेल्या पंधरा दिवसांत कोणती औषधे घेतली, रुग्णालयात दाखल होता का, काय खाल्ले, हे नमुना देण्यापूर्वी लिहून घ्यावे. नंतर विचारलेले उत्तर सबबीसारखे ऐकू येते. कोणत्या द्रव्यांची चाचणी हवी हे डॉक्टरांना ठरवू द्यावे. पट्टीवर संशय आल्यास निश्चिती चाचणी होईपर्यंत माणसाला वाहनावर न पाठविता दुसरे काम द्यावे, पगार चालू ठेवावा आणि विषय कुणाजवळही काढू नये. पक्का अहवाल आला की तो डॉक्टर आणि ती व्यक्ती यांच्यासमवेत वाचावा. दोष नसेल तर ते त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे, आणि ज्यांच्या कानी संशय गेला असेल त्यांनाही तेवढ्याच स्पष्टपणे कळवावे. व्यसन असेल तर उपचाराची रजा द्यावी आणि परतल्यावर काम द्यावे.

या सगळ्याला दहा-पंधरा दिवस लागतील आणि काही खर्चही होईल. पेढीवर वीस वर्षे राबलेल्या माणसाच्या अब्रूपुढे हा खर्च मोठा नाही. आणि माणूस खरोखरच व्यसनात अडकलेला असेल, तर त्याच्या जिवापुढे तो त्याहूनही लहान आहे.